कार्डावर नसलेले काम

मुलुंड (पूर्व),
बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्षता,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सलग तिसरा बुधवार तू दुपारी जेवायला आली नाहीस. तुमचे नाहूरचे कार्यालय माझ्या घरापासून एका स्थानकावर आहे आणि बुधवारी तू बोरिवलीहून डबा आणत नाहीस. तेव्हा तुझ्या न येण्याचे कारण अंतर नाही, हे मी जाणतो. ते कारण तू मला फोनवर सांगितलेस. मी लिहिलेल्या इतिवृत्तामुळे तुझ्या हाताखालच्या कुंडलिकची नोकरी जाण्याच्या बेतात आहे, तुमचे मालक चंद्रप्रकाश शुक्रवारी त्याचा निर्णय करणार आहेत आणि तोपर्यंत मी तुमच्या कार्यालयात पाऊल ठेवू नये. तू आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मी वाद घातला असता आणि बहुधा जिंकलोही असतो. फोनवर मी नेहमीच उत्तर देऊ लागतो. या वेळी मला उत्तर द्यायचे नाही, काही सांगायचे आहे. म्हणून कागद घेतला.

गेल्या मार्चमध्ये आमच्या रुग्णसाहित्य केंद्राने आपल्या देवघेवीची संगणकीय व्यवस्था करण्याचे काम तुमच्या कंपनीला दिले, तेव्हा केंद्राचा मानद चिटणीस या नात्याने मी शहाऐंशी पानांचे मागणीपत्रक तयार केले होते. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, पाठ उचलता येणाऱ्या खाटा, हवेच्या गाद्या आणि ऑक्सिजनची यंत्रे गरजूंना वापरायला देणे व परत घेणे, एवढाच आमचा व्यवहार. पण त्याचे प्रत्येक अंग मी चौदा प्रकरणांत आणि तीन परिशिष्टांत बसवले होते. त्या दस्तऐवजात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती आणि एकही वाक्य संदिग्ध नव्हते, हे मी आजही ठामपणे म्हणेन. तुझ्या सहकारी श्वेताने ते दोन्ही हातांवर तोलले आणि म्हणाली, "अण्णा, हे वाचून होईपर्यंत आमच्यासाठीच एक खाट बुक करून ठेवा." सगळे हसले. तूही हसलीस. मी हसलो नाही, परंतु मनातल्या मनात मान्य केले की मुलगी हजरजबाबी आहे.

माझी अपेक्षा सरळ होती. मागणीपत्रक वाचावे, सहा महिने काम करावे आणि ठरल्या दिवशी सर्व काही एकत्र आणून द्यावे. तू म्हणालीस की तुम्ही दर पंधरवड्याला थोडे थोडे आणून दाखवणार, आम्ही ते वापरून पाहायचे आणि पुढचे काय ते त्यानंतर ठरवायचे. पहिल्या पंधरवड्याच्या अखेरीस तुम्ही मुलुंडला आलात आणि पडद्यावर काय दाखवलेत, तर खुर्ची केंद्रात आहे की बाहेर गेली आहे, एवढेच. घर बांधायला सांगावे आणि गवंड्याने उंबरठा आणून पुढ्यात ठेवावा, तसे मला वाटले, आणि मी ते तसेच बोलूनही दाखवले. त्या वेळी मृणालिनीबाई पुढे आल्या. बारा वर्षे केंद्राच्या खिडकीवर त्या बसतात, हे तुला ठाऊक आहे. पण त्यांना काही विचारावे असे मला कधी सुचले नव्हते. त्यांनी पाच मिनिटे तो पडदा खालीवर केला आणि विचारले, "परत आलेली खुर्ची धुऊन वाळेपर्यंत कुठे दाखवायची?"

शहाऐंशी पानांत त्याचे उत्तर नव्हते. परत आलेली प्रत्येक वस्तू जंतुनाशकाने धुऊन एक दिवस उन्हात ठेवावी लागते. त्या दिवशी ती केंद्रात असूनही देण्याजोगी नसते. ही गोष्ट खिडकीवर बसणाऱ्या बाईंना रोज माहीत होती आणि चिटणीसांना कधीच माहीत नव्हती. कुंडलिकने लगेच उभ्याउभ्या एका पिवळ्या कार्डावर लिहिले, 'मृणालिनीताईंना धुण्यातली खुर्ची वेगळी दिसायला हवी, म्हणजे त्या कोणाला चुकून हो म्हणणार नाहीत,' आणि पुढच्या पंधरवड्यात ते काम होऊन आलेही. त्या रात्रीपासून मी मागणीपत्रकाचा उल्लेख करणे सोडले. तू ते लक्षात घेतले होतेस. घेतले नसल्याचे नाटक केलेस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा नाहूरला येऊ लागलो, तो केवळ केंद्राचे काम म्हणून नव्हे. सकाळी सव्वादहाला तुम्ही सगळे प्रत्येक कामाचे कार्ड चिकटवलेल्या त्या भिंतीसमोर उभे राहता, काल काय केले, आज काय करणार आणि काय अडले आहे, एवढे सांगता आणि दहा मिनिटांत पांगता. माझ्यासाठी पहिल्या दिवशी कोणीतरी खुर्ची आणली होती, ती मी परत पाठवली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दहा मिनिटे उभे राहता येते. मी सरकारी कार्यालयात छत्तीस वर्षे सभांची इतिवृत्ते लिहिली आणि त्या सर्व वर्षांत 'मला हे जमत नाही' असे वाक्य माझ्या लेखणीतून एकदाही गेले नाही, कारण ते कोणी उच्चारलेच नाही. तुमच्या भिंतीसमोर ते रोज कोणीतरी उच्चारत होते आणि कोणावरही आभाळ कोसळत नव्हते.

कोणत्या कामाला किती श्रम लागतील, हे ठरवण्याची तुमची रीत तर मला पहिल्याच दिवशी पटली. प्रत्येकाने आपल्या आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा आणि सर्वांनी एकाच वेळी उलटायचा. मी कारण विचारले तेव्हा तू म्हणालीस की ज्येष्ठाचा आकडा आधी ऐकला की बाकीच्यांचे आकडे आपोआप त्याच्या मागे जातात. अगदी खरे. साहेबांनी तोंड उघडताच बावीस माणसांची मते एका क्षणात एकसारखी झालेली मी शेकडो वेळा पाहिली आहेत. मला वाटले, पोरांनी चांगला उपाय शोधून काढला. तो उपाय मलाही लागू आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

आता त्या शनिवारविषयी. तुला सर्व ठाऊक आहे, तरी मी क्रमाने लिहितो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. केंद्राला यंत्रे देणारे काही देणगीदार त्या सकाळी दहा वाजता भेटीला आले. त्यांच्यासमोर पडद्यावर एक नवी ओळ झळकत होती: आज किती वस्तू देण्यासाठी उपलब्ध आहेत, ठळक अक्षरांत, एका नजरेत. ऑक्सिजनची यंत्रे, दोन. पाहुणे खूश झाले. साडेअकराला गोवंडीहून एका मुलाचा फोन आला. त्याच्या वडिलांना रुग्णालयातून घरी सोडणार होते, मात्र घरी यंत्र असेल तरच. खिडकीवरच्या स्वयंसेवकाने पडदा पाहिला आणि दोन आहेत, असे सांगितले. मुलगा टेम्पो करून दीड वाजता मुलुंडला पोहोचला. दोन्ही यंत्रे दुरुस्तीला गेलेली होती; त्या नव्या ओळीने ती वगळली नव्हती. मृणालिनीबाईंनी हात जोडले, दुसऱ्या तीन संस्थांना फोन लावले. तो मुलगा एवढेच म्हणत राहिला, "तुमच्या स्क्रीनवर दिसतंय ना, मग द्या ना." रिकामा टेम्पो घेऊन तो परत गेला. त्याचे वडील सोमवारी दुपारपर्यंत रुग्णालयात अडकून पडले आणि मग त्यांना दुसरीकडून यंत्र मिळाले. अधिक वाईट काही घडले नाही, हे केवळ दैव.

मंगळवारी तुमची मागे वळून पाहण्याची बैठक होती. पंधरवडा संपला की काय चुकले, ते प्रत्येकाने मोकळेपणे सांगायचे आणि दोष माणसात न शोधता रीतीत शोधायचा, हा तिचा नियम तू सुरुवातीलाच पुन्हा सांगितलास. मला तू खास बोलावले होतेस. कुंडलिक तिसरा बोलला. त्याचे शब्द माझ्यापाशी जसेच्या तसे आहेत: "शुक्रवारी संध्याकाळी मी एक बदल टाकला. तो कार्डावर नव्हता. श्वेताला दाखवला नाही. तपासणी पण नाही चालवली. चुकलं माझं." तुमच्याकडे दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणतेही काम पूर्ण धरत नाहीत, आणि ती पायरी त्याने वगळली होती. तुम्ही पुढचा अर्धा तास त्याच्याविषयी अवाक्षर न काढता, दुसऱ्या नजरेवाचून बदल आत जाऊच शकणार नाही अशी सोय कशी करावी, याची चर्चा केलीत. मी कोपऱ्यात बसून लिहीत होतो.

सवयीने लिहीत होतो, असे म्हणून मी सुटू पाहणार नाही. माझ्या मते इतिवृत्तावाचून बैठक झालीच नाही, असे समजावे. मी ते त्याच संध्याकाळी सुवाच्य अक्षरांत उतरवले, सात विश्वस्तांना पाठवले आणि रिवाजाप्रमाणे एक प्रत तुमच्या कंपनीचे मालक म्हणून चंद्रप्रकाश यांना पाठवली. कलम चार: 'श्री. कुंडलिक यांनी विनापरवानगी व विनातपासणी केलेल्या बदलामुळे सदर प्रसंग उद्भवल्याचे त्यांनी स्वतः मान्य केले.' दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रप्रकाश यांनी त्याला केंद्राच्या कामावरून काढून घरी बसवले. त्याचे उमेदवारीचे वर्ष या महिन्यात संपते आहे. आता त्याला कायम करावे की निरोप द्यावा, हा प्रश्न त्या एका कलमावर येऊन ठेपला आहे.

तू रागावलीस, तेव्हा मी तुला सांगितले की इतिवृत्तातील शब्दन् शब्द खरा आहे. तू म्हणालीस, "काल सकाळी भिंतीसमोरच्या बैठकीत कोणीच काही बोललं नाही, अण्णा. सगळं छान चाललंय म्हणाले. चार मिनिटांत संपली. तुम्ही मला आंधळं करून ठेवलंत." अक्षता, आयुष्यभर माझ्यावर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातील बहुतेक मी परतवून लावली. हे वाक्य मला परतवता आले नाही. ज्या खोलीत माणसे आपल्या चुका आपण होऊन टेबलावर ठेवत, त्या खोलीचे दार मी उघडून ठेवले, आणि आता शहाणी माणसे तिथे तोंड उघडत नाहीत. पुढच्या वेळी यंत्र चुकेल तेव्हा ते का चुकले, हे तुला कळणार नाही. आणि टेम्पो घेऊन येणारा कोणीतरी पुन्हा असेलच.

काल दुपारी मी घाटकोपरला गेलो होतो. कुंडलिकचे घर भटवाडीत आहे, एवढे मला ठाऊक होते. पुढचे विचारत गेलो. दार त्याच्या आईने, मालनबाईंनी उघडले. त्यांचे सासरे गिरणीत होते आणि संप फिसकटल्यावर सर्व कुटुंब परळहून इथे आले, हे त्यांनी मला पाणी देता देता सांगितले. मी कोण, ते कळल्यावर त्या रागावतील, अशी माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "तुमचा नाव तो रोज घेता. अण्णांनी ह्या शिकवल्यान, अण्णांनी त्या सुधारल्यान." आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नये, अशी ताकीद देऊन आत गेल्या. मी त्याच्या पडद्यांवरील सूचनांचे शुद्धलेखन दुरुस्त केले होते. याहून अधिक मी त्याला काही शिकवले, असे मला आठवत नाही.

कुंडलिक घरीच होता. मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती पटकन देऊन टाकली, लाजल्यासारखी, जणू मीच त्याच्यावर उपकार करीत होतो. मग मी ज्या गोष्टीसाठी गेलो होतो ती काढली आणि त्याने मान खाली घातली. तुला आठवत असेल, त्या बैठकीत त्याचे बोलणे झाल्यावर तू त्याला एकच प्रश्न विचारला होतास: हा बदल टाकायला कोणी सांगितले होते का? त्याने क्षणभर टेबलाकडे पाहिले आणि तो म्हणाला, "नाही, मलाच वाटलं. पाहुणे येणार होते, बरं दिसेल म्हणून." हा प्रश्न आणि हे उत्तर माझ्या इतिवृत्तात नाही. जागेअभावी गाळले, असे नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी कुंडलिकला फोन केला होता. उपलब्ध वस्तूंची ती ठळक ओळ मीच मागितली. तो म्हणाला की कार्ड करावे लागेल, अक्षताताईंना विचारावे लागेल. मी म्हणालो, "अक्षता माझी नात आहे. तिला मी सांगेन. एवढ्या एका ओळीला कार्ड कशाला?" तो पुन्हा म्हणाला, श्वेता निघून गेली आहे, तपासायला कोणी नाही. मी म्हणालो की माझे शब्द मी तपासून दिले आहेत, त्यांना दुसऱ्या नजरेची गरज नाही. त्यावर चोवीस वर्षांच्या मुलाने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला काय उत्तर द्यावे? तुमच्या पद्धतीत कार्ड असते ते याचसाठी, की कोणाच्याही वयाला, नात्याला किंवा आवाजाला मागच्या दाराने आत शिरता येऊ नये. मी त्या कार्डांचे तोंड भरून कौतुक करीत असे आणि पहिल्याच गरजेला मागच्या दाराने गेलो. तुला सांगेन म्हटले होते, तेही सांगितले नाही. आणि मंगळवारी, त्या मुलाने माझे नाव पोटात ठेवले तेव्हा, मी मान खाली घालून पुढचे कलम लिहिले. माझे इतिवृत्त शब्दशः खरे आहे आणि एकूण खोटे आहे.

काल मी त्याला विचारले की माझे नाव का घेतले नाहीस. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगितलंत हे खरं, पण टाकला तर मीच ना. आणि ताई मध्ये सापडल्या असत्या. एकीकडे तुम्ही, एकीकडे साहेब." मग त्याने माझ्याकडून एकच मागितले: हे तुला कळू देऊ नये. मी चहा संपवला आणि त्याला कोणतेही वचन न देता उठलो.

म्हणून हे पत्र. परवा, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता चंद्रप्रकाश यांनी मला वेळ दिली आहे. कारण मी सांगितलेले नाही. तू मनाई केलेल्या कार्यालयात मी पाऊल ठेवणार आहे, आणि ही एकच आज्ञा मोडण्याची परवानगी मी मागत नाही, मोडणार असल्याचे कळवतो. तिथे मी वर लिहिले ते सर्व त्याच क्रमाने सांगेन. सातही विश्वस्तांना आज सकाळीच लेखी कळवले आहे. यापुढे केंद्राच्या वतीने तुमच्यासमोर मृणालिनीबाई उभ्या राहतील. त्यांनी होकार दिला आहे आणि त्या माझ्याहून अधिक योग्य आहेत, हे मी सौजन्यापोटी म्हणत नाही. चंद्रप्रकाश यांना वाटेल की म्हातारा मुलाला वाचवायला रचून सांगतो आहे. ते तुला बोलावतील. हे तुझ्या साहेबांच्या तोंडून, त्यांच्या टेबलासमोर उभी असताना तुला प्रथम कळावे, हे मला मान्य नव्हते. तिथे माझी बाजू घेऊ नकोस. त्या शुक्रवारच्या सहा चाळीसचा फोन कुंडलिकच्या मोबाइलवर नोंदलेला असेल, तो दाखवायला सांग. आणि मी बोलत असताना कोणी लिहून घेत असेल तर त्याला थांबवू नकोस. माझे नाव पूर्ण लिहायला सांग.

तुझाच,
अण्णा